हातगुण कुठून येतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९९६ च्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेले सगळे गुरुजन, आणि तीस वर्षांनंतरही सवयीने मागच्या बाकांवर जाऊन बसलेले माझे वर्गमित्र आणि मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी हो म्हटलं आणि घरी जाऊन विषय बदलला. त्याबद्दल आधी माफी मागते. बदलण्याचं कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. गेल्या वर्षभरात तिथे तीन वेळा एकच प्रश्न आला : "घरी कॅन्सरचं निघालंय, चांगला सर्जन सुचवा." आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटांत उत्तरं आली, "अमक्यांकडे जा, त्यांचा हातगुण चांगला आहे."

हातगुण हा आपला फार जुना आणि गोड शब्द आहे. पण तो येतो कुठून? देवाकडून की शिकवणाऱ्याकडून? मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी आणि वीस-बावीस वर्षांची प्रोग्रॅमिंगची नोकरी, एवढंच माझं भांडवल. तरी बारा वर्षं या प्रश्नाच्या मागे आहे, कारण तो आमच्या घरात घडला.

तुमच्यापैकी बहुतेकांना माझी आई ठाऊक आहे. ती तुमच्या भूगोलाच्या बाई. नकाशात दिशादर्शक बाण नसेल तर अर्धा गुण कापणाऱ्या. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी हे सगळं सांगण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "सांग. फक्त डॉक्टरांचं नाव घेऊ नकोस." तेव्हा नाव घेणार नाही.

२०१३ साली आई निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. ती ज्यांच्याकडे गेली, ते सर्जन आमच्या घराला देवासारखे. माझ्या भावाचं फुटलेलं अपेंडिक्स त्यांनी रात्री दोन वाजता काढलं होतं. त्यांनी तपासलं, "काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तासात गाठ काढली. टाके सुंदर, ताप नाही, तिसऱ्या दिवशी आई घरी. गाठ एका बाटलीत घालून भावाच्या हातात दिली. तो दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या गावी लॅबमध्ये देऊन आला. आठवड्याने रिपोर्ट आला : कॅन्सर.

आम्ही मुंबईला एका कॅन्सर रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी शांतपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. ऑपरेशनआधी सुईने तुकडा काढून तपासला होता का? नाही. मॅमोग्राफी? नाही. काखेतल्या ग्रंथी तपासल्या होत्या? नाही. गाठ कोणत्या द्रावात ठेवली होती? भाऊ म्हणाला, "डॉक्टर, सलाइनच्या पाण्यात." गाठीला दोरे बांधले होते का? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. गाठीला दोरे कशाला?

त्यांनी समजावलं. काढलेल्या गाठीला सर्जन दोन टाके घालून ठेवतो. आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे काखेकडच्या बाजूला. त्यावरून पॅथॉलॉजिस्टला कळतं की गाठीची कोणती कड शरीरात कुठे होती. एखाद्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला दिसला, तर नेमकी तीच बाजू पुन्हा काढता येते. दोरे नसतील तर कडेला कॅन्सर आहे एवढं कळतं, कोणती कड ते कळत नाही.

आई तोपर्यंत गप्प होती. ती एकदम म्हणाली, "म्हणजे उत्तर दिशा न दाखवलेला नकाशा." डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच."

द्रावाचं प्रकरण याहून गंभीर होतं. काढलेला भाग लवकर, शक्यतो तासाभरात, फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. सलाइनमध्ये पेशी जतन होत नाहीत, खराब होत जातात. अशा नमुन्यावर हार्मोन रिसेप्टरची तपासणी केली तर खोटं 'निगेटिव्ह' येऊ शकतं. आईच्या रिपोर्टमध्ये निगेटिव्हच लिहिलं होतं. तो अर्थ धरून चाललो असतो तर कॅन्सर परतू नये म्हणून रोज घ्यायची हार्मोनची गोळी तिला मिळालीच नसती.

पुन्हा ऑपरेशन झालं. आधीच्या जखमेच्या कडेला थोडा कॅन्सर उरलेला सापडला, काखेतल्या ग्रंथी काढल्या, आणि नीट जतन केलेल्या नव्या नमुन्यावर तीच तपासणी 'पॉझिटिव्ह' आली. रेडिएशन झालं. रोज एक गोळी, पाच वर्षं. आज आई ७१ वर्षांची आहे आणि सकाळी मला म्हणाली की साडी भाषणाला शोभेशी नाही.

हे सगळं सुखरूप पार पडलं म्हणून मी हसत सांगू शकते. त्या वर्षी मात्र मला फार राग आला होता. आणि प्रोग्रॅमरचा राग कसा असतो, तर तो कागदपत्रं शोधत बसतो. मी स्तनाच्या कॅन्सरची मार्गदर्शक तत्त्वं शोधली. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं : आधी हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, मग सुईने बायोप्सी, आणि मगच ऑपरेशनचा निर्णय. कुणालाही वाचता येईल असं. मग इतक्या चांगल्या, इतक्या अनुभवी माणसाने ते का पाळलं नाही?

वर्षभराने मी तो प्रिंटआउट घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी तो पूर्ण वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या सरांनी आम्हाला गाठ अशीच काढायला शिकवली. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे तीच पद्धत होती. पुढे सगळी वर्षं मी तेच केलं. आणि एक सांगू? चुकतंय असं मला कुणी कळवलंच नाही. माझे पेशंट इथून मुंबईला जातात आणि मग माझ्याकडे कशाला येतील? तू पहिली आलीस."

माझा राग तिथेच निम्मा झाला, कारण हे वाक्य मला माझ्या कामातून ओळखीचं होतं. आमच्याकडे एखाद्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली आणि ती दुसऱ्यानेच परस्पर दुरुस्त केली, तर मूळ माणूस तीच चूक पुढे दहा वर्षं आनंदाने करत राहतो. तो आळशी नसतो. त्याला कळलेलंच नसतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. विल्यम हॉलस्टेड हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले मोठे सर्जन. शिकाऊ सर्जनने रुग्णालयातच राहून, वर्षानुवर्षं पायरीपायरीने जबाबदारी घेत शिकायचं, ही आजची रेसिडेन्सी पद्धत त्यांनी घडवली. त्याच हॉलस्टेडनी स्तनाच्या कॅन्सरसाठी संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढण्याचं मोठं ऑपरेशन रूढ केलं. १८९४ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी प्रमुख झाले, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेच शिकवलं, आणि पाऊणशे वर्षं बायका ते ऑपरेशन सोसत राहिल्या. १९७० च्या दशकात बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत आणि उम्बेर्टो व्हेरोनेसी यांनी इटलीत रीतसर चाचण्या सुरू केल्या. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते, हे त्यांनी दाखवलं. फिशर यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले आणि दोघांच्याही वीस वर्षांच्या पाठपुराव्याने २००२ मध्ये ते पक्के केले. तरीही जुन्या हातांना नवी रीत पटायला वेळ लागला. गुरूने हातात दिलेलं सहज सुटत नाही, मग ते बरोबर असो की कालबाह्य. शिक्षकांसमोर हे बोलताना मला जरा संकोच वाटतो, पण तुमची ताकद एवढी आहे.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातली. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन अवघड असतं. पोटात सगळीकडे पसरलेले कण शोधून काढावे लागतात आणि त्यासाठी त्या विषयाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. १९९९ ते २००६ या काळातल्या तिथल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पूर्ण उपचार किती जणींना मिळाले होते? सुमारे ३७ टक्के. अमेरिकेत, जिथे ही तत्त्वं लिहिली गेली तिथे! आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखालून वर्षाला दहा किंवा त्याहून जास्त अशा रुग्ण जात होत्या, त्यांच्याकडे तत्त्वं पाळली जाण्याचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे कागद सगळ्यांकडे सारखाच होता. फरक प्रशिक्षणात आणि सरावात होता.

तिसरी गोष्ट स्टॉकहोमची, आणि माझी सगळ्यात आवडती. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं. कॅन्सर बहुधा आधी त्यातल्या ग्रंथींत पसरतो. पूर्वी सर्जन हा भाग पुष्कळदा हातानेच मोकळा करत, आणि ते वेष्टण फाटून काही तुकडे आत राहत. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं की हे वेष्टण न फाटता, नजरेसमोर, कात्रीने सोडवत अख्खं काढलं पाहिजे. हे वाचून कळतं, पण करता येत नाही. म्हणून १९९० च्या दशकात स्टॉकहोमच्या सर्जननी हील्डना आपल्याकडे बोलावलं. ते तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहिले, करून दाखवलं. काढलेला भाग कसा तपासायचा हे पॅथॉलॉजिस्टनाही शिकवलं गेलं. शिकणारे कुणी विद्यार्थी नव्हते, चांगले मुरलेले सर्जन होते. परिणाम काय झाला? त्याच भागातल्या आधीच्या रुग्णांशी तुलना केली, तर दोन वर्षांत त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्णांचं गुदद्वार काढावं लागे आणि जन्मभर पोटावर पिशवी लावावी लागे. ते प्रमाण २७ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त मोठी माणसं पुन्हा विद्यार्थी झाली.

आता आपल्याकडे येऊ. तंबाखू आणि मिश्रीने आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर काय केला आहे हे सांगायला नको, या सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एक-दोन त्याच्याच आहेत. तोंडाचा कॅन्सर लहान असेल आणि मानेत गाठी लागत नसतील, तर मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढायच्या की वाट बघायची, याबद्दल जगभर मतभेद होते. त्याचा निकाल मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने लावला. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले : त्याच वेळी ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. शंभरामागे बारा माणसांचा फरक. पण मानेतल्या ग्रंथी काढणं म्हणजे जिभेवरचा व्रण काढणं नव्हे. खांदा हलवणारी नस तिथूनच जाते. ती सांभाळून काम करायला कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. ते शिक्षण नसलेला सर्जन नुसता व्रण काढून मान तशीच सोडण्याचा संभव जास्त. नियम माहीत असूनही सोडेल, कारण आपल्या हाताला काय येतं हे त्याचं त्याला माहीत असतं.

मग सगळ्यांनी कॅन्सर सर्जनकडेच जावं का? जमेल त्यांनी जरूर जावं. पण हिशेब बघा. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, जनरल सर्जरीचं एम.एस. तीन वर्षं, त्यावर कॅन्सर सर्जरीचं एम.सीएच. आणखी तीन वर्षं. एवढं शिकून आलेले लोक मोजके, आणि बहुतेक मोठ्या शहरांत. आपल्यासारख्या गावात पहिली गाठ जनरल सर्जनच्याच हाताला लागणार. त्यामुळे गावातला हात तयार करणं, हाच खरा उपाय आहे. देशातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून काम करतं आहे, ३०० हून अधिक संस्था त्यात आहेत. आपल्या देशातल्या परिस्थितीचा विचार करून लिहिलेली त्यांची मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही फुकट वाचता येतात. वाचणं ही सुरुवात झाली. पुढचं काम समोरासमोरच होतं.

आमच्या क्षेत्रात यासाठी एक साधी रीत आहे. कितीही वरिष्ठ माणसाने लिहिलेलं असो, दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय ते पुढे जात नाही. कॅन्सर रुग्णालयांत त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून रुग्णाचा निर्णय घेतात. त्यात कुणाचा अपमान नाही. उलट नवख्याचं शिक्षण तिथेच होतं.

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे. पुढच्या वेळी कुणी "चांगला सर्जन सुचवा" म्हटलं, तर नावासोबत हे चार प्रश्नही पाठवा.

एक, ऑपरेशनआधी सुईने तुकडा काढून तपासणार का? नसेल तर कारण काय? कारण असू शकतं. अंडाशय किंवा वृषणाच्या गाठीत सहसा सुई घालत नाहीत. पण कारण ऐकून घ्या.

दोन, ऑपरेशन आधी की केमो-रेडिएशन आधी, हे बाकीच्या तज्ज्ञांशी बोलून ठरलंय का?

तीन, हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता?

चार, काढलेला भाग कशात ठेवून, कोणत्या पॅथॉलॉजिस्टकडे जाणार?

आवाज चढवून नाही, वर्गात हात वर करून विचारायचो तसे विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि घाई करू नका. आतडं अडकलं, रक्तस्राव झाला तर गोष्ट वेगळी. एरवी नीट तपासण्यांसाठी आठ-पंधरा दिवस गेले, तर त्याने सहसा नुकसान होत नाही. चुकीच्या पहिल्या ऑपरेशनने मात्र होतं.

अजून एक विनंती, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. उपचार मोठ्या शहरात झाले, तरी शेवटचा रिपोर्ट गावातल्या पहिल्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. काय राहून गेलं ते नम्रपणे सांगा. आपण तसंच निघून जातो, मागे बोलतो, आणि त्यांच्या पुढच्या पेशंटचं तेच होतं. मी गेले होते भांडायला, हे कबूल करते. पण गेले हे बरं झालं. आपल्या तुकडीत चार डॉक्टर आहेत. त्यांनी वर्षातून एकदा इथल्या सर्जनना कॅन्सर रुग्णालयातल्या तज्ज्ञांशी समोरासमोर बसवून द्यावं. जागेचा आणि चहाचा खर्च १९९६ ची तुकडी करेल. हे मी कुणालाही न विचारता जाहीर करते आहे.

ते सर्जन आता थकले आहेत, फार ऑपरेशनं करत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन त्यांच्याकडे गेले होते, गुडघ्याचं निमित्त होतं. टेबलामागच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. आईने मुद्दाम विचारलं, "आणि दोरे?" ते म्हणाले, "आखूड वर, लांब बाहेर. बाई, आता अर्धा गुण कापू नका."

आईने कापला नाही, असं ती म्हणते. तुम्ही तिचे विद्यार्थी आहात, तुम्हीच ठरवा.